मांजराला शुगर निघाली, आता?

आमच्या भुऱ्याचा आजार सगळ्यात आधी मुंग्यांना कळला. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात मागच्या न्हाणीच्या कोपऱ्यात त्याची वाळूची पाटी असते. एका सकाळी पाटीच्या कडेनं मुंग्यांची रांग लागलेली. मी मुंग्यांचा खडू ओढला. (तुम्ही ओढू नका. त्यातलं कीटकनाशक मांजराला बाधतं, हे मला नंतर कळलं.) दुसऱ्या दिवशी रांग पलीकडच्या बाजूनं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "ह्याला शुगर बिगर न्हाई न्हवं?" त्यांना स्वतःला वीस वर्षांपासून मधुमेह. आम्ही सगळे हसलो. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी तेच सांगितलं.

त्यानंतर वर्षभर धडपडत जे कळलं ते इथं लिहिते आहे, या आठवड्यात ज्यांच्या घरी हे निघालंय त्यांच्यासाठी. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम, तिथं माझं ऐकू नका. पण एक गोष्ट आधीच मनात पक्की करून ठेवा: वाढलेली साखर मांजराला आठवड्या-महिन्यांत झिजवते, आणि फार उतरलेली साखर तासाभरात नेऊ शकते. म्हणून पहिल्या महिन्यात मांजराला सगळ्यात मोठा धोका असतो तो घरातल्या उतावळ्या माणसाचा. आमच्या घरात ते माणूस मी होते.

निदान पक्कं करून घ्या

लक्षणं माणसांसारखीच. पाणी फार, लघवी फार, खाणं दणकून आणि तरीही पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात. भुऱ्या ६.४ किलोचा बोका, दोन महिन्यांत ५.३ वर आला. आम्ही म्हणत होतो, बरं झालं, जरा सडपातळ झाला. वय झालेले, खच्ची केलेले, लठ्ठ आणि दिवसभर घरात लोळणारे बोके या आजारात जास्त सापडतात, म्हणजे आमच्या ध्यानाचं वर्णनच. पाणी मोजायचं असेल तर सकाळी मापानं भांडं भरा आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. चार-साडेचार किलोचं मांजर दिवसाला पाव लिटर पाणी संपवत असेल तर त्याचं खापर उन्हाळ्यावर फोडू नका. मागच्या पायांकडेही बघा. मांजर एरवी बोटांवर चालतं. साखर बरेच दिवस वाढलेली राहिली की नसा दुखावतात आणि ते टाच टेकवून, सशासारखं चालायला लागतं.

आता दवाखाना. मांजराला पेटीत घालून रिक्षानं दसरा चौकातल्या हॉर्नांमधून न्यायचं, तिथं बाकावर शेजारी भुंकणारं कुत्रं. एवढ्या भीतीनं निरोगी मांजराची साखरसुद्धा ३०० च्या पुढं जाऊ शकते. एरवी ती ८० ते १२० च्या आसपास असते. म्हणून दवाखान्यातल्या एका आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारून घेऊ नका. फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी करायला सांगा. माणसांच्या तीन महिन्यांच्या सरासरीच्या तपासणीसारखीच ही, फक्त मांजराच्या मागच्या दोनेक आठवड्यांचा हिशेब देणारी. रिक्षातल्या भीतीनं ती हलत नाही. सोबत लघवी तपासा. मांजराच्या रक्तातली साखर साधारण २७०-२८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही, त्यामुळे तिथं सापडली तर ती बऱ्यापैकी वर आहे असं समजायचं. त्याच लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडून अंगातली चरबी जळायला लागली की तयार होणारे पदार्थ) आहेत का तेही विचारा. कीटोन असतील, मांजर खात नसेल, उलट्या करत असेल, तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आत्ता निघा. तिथं सलाइन लागतं, घरच्या उपायांचं काम नाही.

डॉक्टरांना आपणहून सांगायच्या दोन गोष्टी आहेत. एक, मागच्या काही महिन्यांत खाजेसाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं का. मांजरात स्टेरॉइडनं मधुमेह उघडा पडतो. दुसरी, दात आणि लघवीचा जंतुसंसर्ग. हिरड्या सडलेल्या असतील तर इन्सुलिन कितीही ओता, साखर हटत नाही. भुऱ्याच्या दोन दाढा काढल्यावर त्याचा डोस कमी करावा लागला.

सुई, सिरिंज आणि सासूबाई

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त शब्द खर्च करणार आहे, कारण चूक इथंच होते.

मांजराच्या मधुमेहावर इन्सुलिन हाच मुख्य उपाय, दर बारा तासांनी. डॉक्टर बहुधा ग्लार्जिन नावाचं, बराच वेळ काम करणारं इन्सुलिन लिहून देतात. ते माणसांचंच, मेडिकलमध्ये मिळतं. सुरुवात साधारण एका युनिटनं किंवा त्याहून कमी डोसनं होते. सासूबाई वीस-बावीस युनिट घेतात, म्हणून मला वाटलं की एक युनिट म्हणजे काहीच नाही. पाच किलोच्या जिवाला ते काहीच नसतं असं नाही.

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेलं आणि १०० युनिट असलेलं. माणसांच्या जुन्या पद्धतीच्या बाटल्या बऱ्याचशा ४० च्या. ग्लार्जिन बहुधा १०० चं. सिरिंजही त्याच हिशेबानं दोन: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. मी रविवारी रात्री एका मेडिकलमध्ये जाऊन नुसतं "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हणाले. त्यांनी दिली, मी घेतली. घरी येऊन ग्लार्जिन १ च्या खुणेपर्यंत भरलं, भुऱ्याला मांडीत घेतलं, तेवढ्यात सासूबाईंनी चष्मा वर करून सिरिंज हातात घेतली.

"तुझ्या बाटलीवर शंभर लिवलंय. आन् हेच्यावर चाळीस."

हिशेब करून बघा. ४० च्या सिरिंजवर एका युनिटची खूण म्हणजे ०.०२५ मिली. १०० च्या इन्सुलिनमध्ये तेवढ्यात अडीच युनिट मावतात. पहिल्याच रात्री मी भुऱ्याला अडीचपट डोस देणार होते. उलटं केलं, म्हणजे ४० चं इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये भरलं, तर एकाऐवजी ०.४ युनिट जातं आणि आठवडाभर आपण म्हणत बसतो, औषध लागू पडत नाही. तेव्हा दुकानात असं मागा: "१०० ची, केशरी टोपणाची, ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली." ही शेवटची अट प्रत्येक दुकानात पुरी होत नाही, मागवून ठेवायला सांगा. एक मिलीच्या सिरिंजवर अर्धं युनिट डोळ्यांनी मोजता येत नाही. माणसांच्या इन्सुलिनच्या बऱ्याच पेनांत एकेक युनिटचेच टप्पे असतात, म्हणून पेनही आमच्या उपयोगाचं नव्हतं.

बाटली केवढी घ्यायची? १० मिलीच्या बाटलीत १००० युनिट असतात. रोज दोन युनिट लागणाऱ्या बोक्याला ती वर्षभरात संपायची नाही. ३ मिलीचं कार्ट्रिज घ्या, त्यात ३०० युनिट. वेष्टनावर उघडल्यानंतर २८ दिवस लिहिलेलं असतं. फ्रिजमध्ये नीट ठेवलेलं मांजरासाठी पुढंही वापरायला काही डॉक्टर सांगतात, ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. गढूळ दिसलं, तरंगणारं काही दिसलं, की टाकून द्या. ते हलवायचं नाही, त्यात पाणी घालायचं नाही, दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही. फ्रिजमध्ये मधल्या फळीवर ठेवा. दारात ठेवलं तर दर वेळी उघडझाप, आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटलं तर गोठून कामातून जातं.

आमच्या फ्रिजमध्ये आता दोन डबे आहेत. एकावर सासूबाईंचं नाव, एकावर मांजराचं चित्र. सिरिंजही त्याच डब्यात त्याच्या त्याच्या.

टोचताना

तुम्हाला जेवढी धास्ती वाटते तेवढं मांजराला कळतसुद्धा नाही. सुई केसाएवढी बारीक असते. आधी सिरिंजमध्ये पाणी भरून सराव करा: सोललेल्या केळ्यात टोचून बघा, हात स्थिर होतो.

वाटी समोर ठेवा. मांजर खायला लागलं की मगच टोचायचं. कुशीवर किंवा मानेच्या मागच्या सैल कातडीवर दोन बोटांनी चिमूट धरा, तंबू होतो. तंबूच्या पायथ्याशी सुई शिरवा, दट्ट्या सावकाश दाबा, बाहेर काढा. रोज जागा थोडी बदला. नंतर केसांवरून बोट फिरवा. ओलं लागलं, दवाखान्यासारखा उग्र वास आला, तर औषध कातडीत न जाता केसांवर सांडलं. किती गेलं ते सांगता येत नाही, आणि म्हणूनच पुन्हा टोचायचं नाही. एक डोस हुकला तर एक दिवस साखर वर राहील, एवढंच. दुप्पट गेला तर रात्र जागून काढावी लागेल. विसरलेल्या डोसलाही हाच नियम, पुढच्या वेळी भरपाई करू नका.

खाल्लंच नाही तर टोचू नका, फोन करा. टोचल्यावर लगेच उलटी झाली तरी फोन.

वेळ सकाळी ७ आणि संध्याकाळी ७. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं झालं तर चालतं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवा आणि भरली की दवाखान्यात द्या. घंटागाडीत मोकळ्या टाकल्या तर कचरा वेचणाऱ्याच्या हाताला लागतील.

दूध-चपाती बंद

हे घरात सगळ्यात अवघड गेलं. म्हशीच्या दुधाचं गाव आपलं, इथं मांजराला दूध-चपाती न देणं म्हणजे पाहुण्याला चहा न विचारणं. पण मांजर मुळात मांस खाणारं जनावर. पिठूळ पदार्थ पचवायची त्याची ताकद बेताचीच, आणि चपाती, भात, बिस्किट सगळं सरळ साखरेच्या आकड्यात दिसतं. सासूबाई मान्य करायच्या आणि दुपारी मी नसताना मारी बिस्किट द्यायच्या. मग मी एक दिवस बिस्किटानंतर दोन तासांनी त्यांच्यासमोर भुऱ्याचा कान टोचून रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवला. त्या दिवसापासून बंद. स्वतःच्या बाबतीत मात्र अजून ऐकत नाहीत.

पाकिटातला कोरडा खाऊही तपासून बघा. पाकिटावर पिष्टाचं प्रमाण बहुतेक वेळा छापलेलंच नसतं, ते काढावं लागतं. शंभरातून प्रथिनं, स्निग्ध, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजं) वजा करा. समजा प्रथिनं ३२, स्निग्ध १०, तंतू ४, ओलावा १०, राख ८. बेरीज ६४, उरले ३६. म्हणजे मूठभर खाऊत तिसऱ्या हिश्शाहून जास्त पीठच. आता ओल्या खाऊचं पाऊच घ्या: ओलावा ८२, प्रथिनं १०, स्निग्ध ३, तंतू १, राख २. उरले २. पाणी बाजूला काढलं तर कोरडा ऐवज १८, त्यातले २, म्हणजे साधारण ११ टक्के. असे दोन-तीन ब्रँड ताडून बघा आणि कमी पिष्टाचा ओला खाऊ निवडा. रस्सेदार प्रकारांत घट्टपणासाठी पीठ घातलेलं असतं, तिथं जरा सावध.

घरचं द्यायचं तर उकडलेलं चिकन, मीठ-मसाला न घालता. पांढऱ्या रश्श्यातला तुकडा धुऊन देणं चालणार नाही. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि आपल्याकडे कांदा-लसणीशिवाय भांडं चुलीवर चढत नाही. त्याचा तुकडा आधी बाजूला काढायचा, फोडणी मागाहून. पण नुसत्या उकडलेल्या चिकनवरही मांजर कायमचं राहू शकत नाही. त्यात कॅल्शियम कमी पडतं, आणि टॉरिन (मांसातून मिळणारं, मांजराला लागणारंच असं द्रव्य) पुरेसं नसेल तर हृदय आणि डोळे जातात. चिकन खाऊ म्हणून ठीक, मुख्य जेवण पूर्ण आहाराचं पाकीट. (श्रावणात आमच्या शाकाहारी शेजारीणबाईंचा आमच्या खिडकीशी अबोला असतो. त्याला इलाज नाही.)

दोन धोके. पहिला: इन्सुलिन चालू असताना कोरड्यावरून एकदम ओल्यावर आणलं की साखर झपाट्यानं उतरते आणि कालपर्यंत बरोबर असलेला डोस आज जास्त होतो. खाऊ बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगा, आठवडा-दहा दिवसांत हळूहळू बदला, त्या दिवसांत साखर जास्त वेळा मोजा. दुसरा: लठ्ठ मांजराला उपाशी ठेवून वजन उतरवू नका. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर चरबी यकृतात साठून ते मरणाच्या दारात जातं. आठवड्याला वजनाच्या एक टक्का उतार पुरे, म्हणजे पाच किलोमागे ५० ग्रॅम. माणसाच्या काट्यावर ५० ग्रॅम दिसत नाहीत. आम्ही भाजीची टोपली किराणा दुकानातल्या इलेक्ट्रिक काट्यावर ठेवतो, तिच्यात भुऱ्या बसतो आणि दुकानात आलेलं गिऱ्हाईक फोटो काढतं.

कानाच्या कडेवरचा थेंब

घरी साखर मोजता यायला लागली की निम्मी भीती जाते. माणसांचाच ग्लुकोमीटर चालतो. मांजराच्या रक्तात तो खऱ्यापेक्षा थोडा कमी आकडा दाखवतो, हे डॉक्टरांनाही सांगा आणि दर वेळी तेच मशीन वापरा. पट्ट्या मुदतीतल्या हव्यात, पावसाळ्यात डबी उघडी राहू द्यायची नाही.

मोबाइलचा टॉर्च कानाच्या मागून धरा. कान गुलाबी उजळतो आणि कडेकडेनं जाणारी शीर दोऱ्यासारखी दिसते. त्या शिरेत नाही, ती आणि कड यांच्या मधल्या बारीकशा पट्टीत टोचायचं. आधी कान गरम हवा, नाहीतर थेंब येत नाही. मोज्यात मूठभर तांदूळ बांधून तव्यावर कोमट करायचे, स्वतःच्या गालाला लावून बघायचे आणि मग अर्धा मिनिट कानाला. कडेवर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात, म्हणजे रक्त केसांत न पसरता मण्यासारखं उभं राहतं. कानामागे कापसाचा बोळा, नाहीतर लॅन्सेट (टोचायची बारीक सुई) आरपार तुमच्या बोटात. थेंबाला पट्टी टेकवा, ती आपसूक ओढून घेते. मग बोळ्यानं दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि लगेच चिकनचा रेशा. पहिल्या दिवशी माझ्या चार पट्ट्या फुकट गेल्या आणि भुऱ्या कपाटावर जाऊन बसला. तिसऱ्या आठवड्यात मोज्याचा वास आला की तो स्वतःहून येऊन बसायला लागला. चिकनसाठीच, पण आला.

रोज टोचायच्या आधी एकदा मोजा. सुरुवातीच्या दिवसांत हा आकडा २०० च्या खाली आला तर न टोचता डॉक्टरांना विचारा. आठवड्या-दोन आठवड्यांतून, डॉक्टर सांगतील तेव्हा, दिवसभर दर दोन तासांनी मोजून तक्ता करायचा. त्यात सगळ्यात तळाचा आकडा कुठला आणि कधी आला ते महत्त्वाचं. तो साधारण ८० ते १५० मध्ये बसला आणि बाकीचा दिवस ३०० च्या आत राहिला तर तुमचं बरं चाललंय. ८० ते १२० चा हट्ट धरू नका, तो इन्सुलिन न घेणाऱ्या मांजराचा आकडा आहे.

आणि एका आकड्यावर डोस हलवू नका. ग्लार्जिनचा डोस बदलल्यावर त्याचा परिणाम दिसायला पाच-सात दिवस लागतात. मी दुसऱ्या आठवड्यात ३८० बघून रात्री साडेदहाला डॉक्टरांना फोन केला होता, अर्धं युनिट वाढवू का म्हणून. त्यांनी विचारलं, आज घरात काही वेगळं झालं का. झालं होतं. गल्लीतल्या मंडळाची मिरवणूक, ढोल-ताशा तीन तास, बोका पलंगाखाली. दुसऱ्या सकाळी २४०.

साखर उतरली तर

हा भाग घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा.

६० च्या खालचा आकडा म्हणजे धोका, मग मांजर कितीही बरं दिसो. दिसणारी चिन्हं: अचानक वखवखल्यासारखं खायला मागणं, झोकांड्या, थरथर, टक लावून शून्यात बघणं, कोपऱ्यात लपणं, पुढं झटके. मीटर शोधत बसू नका. संशय आला की साखर द्या. चुकून दिली तर एक दिवस आकडा वर जाईल, बाकी काही नाही.

शुद्धीत असेल, गिळत असेल, तर आधी खायला द्या, या वेळी कोरडा खाऊसुद्धा चालेल. खात नसेल तर ग्लुकोज पावडर चमचाभर पाण्यात घट्ट कालवून बोटानं हिरड्यांवर चोळा. मधही चालतो. आपल्या घरात काकवी असतेच, आणि तिसरं काही हाताशी नसेल तर ती लावा. पण तिच्यातली बरीचशी साखर पोटात जाऊन फुटावी लागते, ग्लुकोजइतकी ती चटकन चढत नाही. म्हणून ग्लुकोजचा छोटा डबा इन्सुलिनच्या शेजारीच ठेवा. बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या मांजराच्या तोंडात पातळ काही ओतू नका, ते श्वासनळीत जातं. हिरड्यांवर चोळत चोळत दवाखाना गाठा. जरा सावरलं तरी पुढचे काही तास दर पंधरा-वीस मिनिटांनी मोजत राहा, कारण टोचलेलं इन्सुलिन अजून अंगात आहे, आणि पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही.

आमच्यावर ही वेळ एकदाच आली, ५२ वर. मी थरथरत होते, तो नाही.

कालनिर्णयची चौकट

वही ठेवा म्हणतात. मी तीन वह्या सुरू केल्या, तिन्ही हरवल्या. मग स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहायला लागले, जिथं दूधवाल्याचा हिशेब असतो तिथंच. दुधाच्या आकड्याखाली सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा, युनिट, आणि लघवीनं वाळूत होणाऱ्या गोळ्यांसाठी एक अक्षर: मो म्हणजे मोसंबीएवढे, लिं म्हणजे लिंबाएवढे. सुरुवातीचे दोन महिने मो-मो-मो. पाडव्याच्या आठवड्यात पहिला लिं. डॉक्टरांना मी पानांचे फोटो पाठवते.

काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंही. लवकर निदान झालं, साखर पहिल्या काही महिन्यांत आवाक्यात आली, पीठ बंद झालं, की स्वादुपिंड पुन्हा कामाला लागतं. पण आकडे छान आले म्हणून आपण होऊन थांबवू नका. डॉक्टर पायरीपायरीनं उतरवतात, आणि सुटल्यावरही आठवड्यातून एकदा कान टोचावाच लागतो, कारण आजार परत येऊ शकतो. उलट डोस चढतच चालला आणि साखर जागची हलेना, तर इन्सुलिन खराब झालंय का, टोचणं नीट होतंय का, कुठं संसर्ग आहे का, आणि शेवटी दुसऱ्या कुठल्या ग्रंथीचा आजार आहे का, या क्रमानं शोधायचं.

माणसांच्या मधुमेहाच्या गोळ्या देऊ नका. शेजारी सांगतील. अमेरिकेत मांजरांसाठी खास गोळी २०२२ मध्ये आणि तोंडातून द्यायचं द्रावण २०२३ मध्ये मंजूर झालंय, पण त्यांनाही स्वतःचे धोके आहेत आणि आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजराला ती द्यायची नसतात. घरच्या डब्यातल्या गोळीशी त्यांचा संबंध नाही.

जून संपायच्या आत

कोल्हापुरात राहून पुराचा विचार न करता इन्सुलिनवरचं मांजर सांभाळता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. रस्ता बंद म्हणजे माल बंद, आणि वीजही गेलेली. म्हणून जून संपायच्या आत एक सीलबंद कार्ट्रिज, महिन्याभराच्या सिरिंज, पट्ट्या आणि खाऊ जास्तीचा भरून ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागली की आम्ही मांजराची पेटी माळ्यावरून खाली काढतो. ४३ ला धोका पातळी येते, तोवर वाट बघत बसत नाही.

वीज गेली तर फ्रिज उघडू नका, काही तास गारवा टिकतो. पुढं मातीचा माठ: इन्सुलिन घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत, डबी माठात, माठाला ओलं फडकं. पावसाळी दमट हवेत माठ उन्हाळ्याइतका गार होत नाही, पण पावसातली हवाच बेताची असते. थर्मासात बर्फ घालत असाल तर मध्ये जाड टॉवेल हवा. बर्फाला टेकलेलं इन्सुलिन वाया गेलं असं समजा.

त्याचं त्याचं आयुष्य

आकड्यांच्या नादात मी दोन महिने भुऱ्याला नुसती कान टोचण्यापुरती जवळ घेत होते. तो मला बघून उठून जायला लागला तेव्हा लक्षात आलं. आता दिवसातून निदान दोनदा काहीही न टोचता, न मोजता त्याच्याजवळ बसायचं असा नियम आहे.

टाचा टेकत चालणाऱ्या मांजराला गुळगुळीत फरशी नको होते. पाटीपर्यंत आणि वाटीपर्यंत सतरंजी अंथरा. पाटीची कड बुटकी करा, खिडकीखाली एक पाट ठेवा. साखर आवाक्यात आली की पाय सुधारतात, पण आठवडे-महिने लागतात. नखं स्वतः कापा. कमरेजवळचे केस गुंतले तर विंचरा, तिथं वळून चाटायला त्याला जमत नाही. कसं चाललंय हे मीटरपेक्षा या गोष्टी चांगलं सांगतात: अंग चाटतोय का, खिडकीतून कबुतरांवर दात वाजवतोय का, रात्री पायाशी येऊन झोपतोय का. कालनिर्णयवर ज्या दिवशी यातलं काहीच नाही त्या चौकटीवर मी फुली मारते. फुल्या लागोपाठ यायला लागल्या की आकडे चांगले असले तरी दवाखाना.

आणि गावाला जायचं तर मागं कुणाला तरी टोचता यायला हवं. माझ्या भाच्यानं, वय सतरा, दोन रविवार पाण्यावर सराव केला आणि आता तो माझ्यापेक्षा सफाईनं टोचतो. आम्ही गेल्या महिन्यात लग्नाला साताऱ्याला गेलो तेव्हा फ्रिजवर चिकटवलेली चिठ्ठी ही अशी:

"मांजराच्या चित्राचा डबा. केशरी टोपण. एक युनिट, एकच. आधी कान, मग वाटी, मग सुई. आकडा कालनिर्णयवर लिही आणि मला पाठव. खाल्लं नाही तर टोचू नकोस. डोलायला लागला तर ग्लुकोज हिरड्यांवर, मग फोन, मग रिक्षा. आजीनं बिस्किट मागितलं तर ते तिलाही द्यायचं नाही."